घरच्या बारसाठी आधी फ्रीजर रिकामा करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात नवा फ्लॅट घेतलाय, हॉलच्या एका कोपऱ्यात बार करायचाय, हाताशी २५ हजार रुपये आहेत. महिन्यातून दोनेकदा सहा-आठ मित्रमंडळी जमतात, त्यांना बाहेर मिळतात तशी कॉकटेल घरी द्यायची आहेत. बारा-पंधरा बाटल्यांची यादी हवी आहे, आणि सुताराकडून काउंटर कसा करून घ्यावा तेही.

मी १८ वर्षं मुंबईत आणि गोव्यात काउंटरच्या मागे उभा राहून काढली, आता नव्या मुलांना हे काम शिकवतो. यादी देतो, पण बारा-पंधरा बाटल्यांची देणार नाही. ओळखीच्यांच्या घरी मांडलेले बार मी पुष्कळ पाहिले, आणि ते बहुतेक एकाच जागी अडतात. रात्री साडेनऊला ट्रेमधले चौदा खडे संपतात, लिंबं आदल्या आठवड्याची असतात, सोडा कोमट असतो, आणि शेल्फवर मात्र चौदा बाटल्या चमकत असतात. मग हळूहळू सगळे व्हिस्की आणि बिसलेरीवर येतात. म्हणून सुरुवात फ्रीजपासून करू.

फ्रीजर उघडून बघा. मटारची पिशवी असेल, खवलेलं खोबरं असेल, कदाचित सुरमईच्या तुकड्यांचा डबा. उघड्या ट्रेमधला बर्फ या शेजारात तीन-चार दिवस राहिला की त्यांचा वास धरतो आणि तोच वास पेल्यात उतरतो. खडे तयार झाले की लगेच झिपच्या पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे. पाणी फिल्टरचं घ्या. किती बर्फ लागतो याचा माझा हिशेब माणशी एक किलो असा आहे. लोकांना तो जास्त वाटतो, पण शेक करताना वापरलेला बर्फ टाकून द्यावा लागतो, पेल्यात ताजा घालावा लागतो आणि बाटल्या थंड ठेवायलाही लागतो. एका ट्रेमध्ये साधारण पाव किलो बर्फ होतो. चार ट्रे घेतल्या, सकाळ-संध्याकाळ भरल्या, तर चार दिवसांत आठ किलो. शनिवारी पाहुणे येणार असतील तर मंगळवारी संध्याकाळी सुरुवात करा. फ्रीजरमध्ये तेवढी जागा नसेल तर पॅकबंद खाण्याचा बर्फ विकत आणा. कोळणींच्या पाट्यांवर दिसतो तो लादीचा बर्फ नको. निळसर रंग दिलेला बर्फ तर मासे आणि माल थंड ठेवण्यासाठीच असतो, तो पेल्यात कधीच घालू नका.

आता बारमध्ये दिसतो तसा काचेसारखा पारदर्शक बर्फ. त्यासाठी यंत्र लागत नाही, पोळ्यांचा कॅसरोल लागतो. दोनेक लिटरचा, जाड भिंतीचा. तो पाण्याने भरा आणि झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा. बाजू आणि तळ उष्णतारोधक असल्यामुळे थंडी फक्त वरून आत शिरते, बर्फ वरून खाली गोठत जातो आणि पाण्यातली हवा व क्षार खाली ढकलले जातात. साध्या ट्रेमध्ये बर्फ चहूबाजूंनी गोठतो, हवा मध्यभागी अडकते, म्हणून खड्याच्या पोटात पांढरं दिसतं. १८ ते २० तासांनी, तळाचं पाणी गोठायच्या आत, कॅसरोल बाहेर काढा, उलटा करा, खालचं पाणी ओतून द्या. वरची चार-पाच बोटं जाडीची लादी निखळ पारदर्शक मिळते. ती दहा मिनिटं ओट्यावर राहू द्या, नाहीतर सुरी लावताच तडकते. मग दातेरी सुरीने खाच पाडायची, सुरीच्या पाठीवर लाटण्याने हलकेच ठोकायचं, की सरळ तुकडे पडतात. पहिल्या दोन लाद्या वाकड्यातिकड्या फुटतील. तिसरी नीट फुटते.

बर्फाचं एवढं का सांगतोय? कारण कॉकटेलमध्ये पाणी हा घटक असतो. ९० मिलीचं मिश्रण नीट शेक केलं की ते साधारण १२० मिली होतं. म्हणजे पेल्यातला चौथा हिस्सा बर्फातून आलेलं पाणी. बर्फ लहान, ओला, अर्धवट वितळलेला असेल तर पेय थंड व्हायच्या आधीच पाणचट होतं. लिंबाचा रस असलेली पेयं बारा सेकंद जोरात शेक करायची, शेकरला हात चिकटल्यासारखा वाटला पाहिजे. ज्यात सगळी दारूच आहे, रस नाही, ती चमच्याने पंचवीस-तीस सेकंद ढवळायची.

दुसरी गोष्ट लिंबू. आपलं कागदी लिंबू छोटं असतं पण फार गुणी. एकातून १२ ते १५ मिली रस निघतो, आणि आंबटपणा परदेशी पाककृतींतल्या मोठ्या पिवळ्या लेमनपेक्षा तीक्ष्ण असतो. त्या पाककृतीत ३० मिली लेमन लिहिलं असेल तर मी कागदी लिंबाचा २० ते २२ मिली रसच घालतो. आठ माणसांच्या संध्याकाळीला तीनशे मिली रस धरा, म्हणजे पंचवीस लिंबं. त्याच दुपारी पिळा. सकाळी पिळलेला चालतो, कालचा चालत नाही, त्याला कडसर चव येते. बाटलीतला तयार रस आणूच नका. एप्रिल-मेमध्ये लिंबं महाग आणि कोरडी असतात. तेव्हा कैरी किंवा कोकमाकडे वळावं, त्याबद्दल पुढे सांगतो.

साखरेचा पाक घरीच करा. पाक म्हटलं की आपल्या मनात एकतारी येतो, लाडवांचा. इथे तो नकोय. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळली की गॅस बंद. उकळत ठेवलं तर तो घट्ट होतो आणि प्रत्येक वेळी गोडी बदलते. काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये, तीन आठवडे टिकतो. गुळाचा पाकही असाच करून गाळून ठेवा, पण तो फक्त रम आणि व्हिस्कीसाठी. जिनची नाजूक चव गूळ झाकून टाकतो.

आता बाटल्या. बाटली बघून खरेदी करू नका, आधी तीन पेयं ठरवा. घरी माझ्या पहिल्या बारमध्ये निळं कुरासाव, पेपरमिंटचं हिरवं लिक्युअर (म्हणजे गोड, स्वाद दिलेलं मद्य), कॉफीचं एक, नारळाचं एक अशा बाटल्या होत्या. प्रत्येकीतून दोन-तीन पेयं झाली आणि उरलेलं चार वर्षं तसंच राहिलं. घरी येणारी माणसं आवडलेलं पेय पुन्हा मागतात. तीन पेयं हातखंडा झाली की महिनाभरात तुमच्या घराचं नाव होतं.

पहिली बाटली जिनची. साध्या, जुनिपरचा (जिनला तिचा खास वास देणाऱ्या फळाचा) ठळक सुगंध असलेल्या जिनपासून सुरुवात करा. गोव्यात बनणारी ‘ग्रेटर दॅन’ त्यासाठी पुरेशी चांगली आहे. ‘स्ट्रेंजर अँड सन्स’मध्ये मसाले आणि लिंबाच्या सालींचा बाज जास्त आहे, ती टॉनिकबरोबर फार खुलते. जिन ६०, लिंबू २२, पाक २० मिली, बारा सेकंद शेक, गाळून थंड पेल्यात. एवढंच बनवून महिनाभर हात बसवा. २० ऐवजी १५ मिली पाक घातला तर काय होतं ते जिभेला कळलं पाहिजे. गोड आणि आंबट यांचा हा तोल हातात आला की अर्धी कॉकटेल आपोआप येतात, कारण ती याच सांगाड्यावर उभी आहेत. जिनच्या जागी पांढरी रम घाला, डायकिरी झाली. टकिला किंवा आपल्याकडची अगावे स्पिरिट (घायपातीच्या जातीच्या झाडाची दारू) घाला, थोडं संत्र्याचं लिक्युअर घाला, मार्गारिटा झाली.

दुसरी बाटली ओल्ड मंक. मोहन मिकिनची ही रम १९५४ पासूनची आहे, आपल्या सगळ्यांच्या परिचयाची, आणि कॉकटेलमध्ये तिला जितकं श्रेय मिळायला हवं तितकं मिळत नाही. मळीपासून बनलेली, व्हॅनिला आणि जळक्या साखरेची चव असलेली. ती मुळातच गोडसर असल्यामुळे पाक कमी घालायचा. ओल्ड मंक ५०, लिंबू १५, आल्याचा रस ५, गुळाचा पाक १०, वरून थंड सोडा. आलं किसून चहाच्या गाळणीतून पिळा. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं दिसेल, आपल्याकडच्या बहुतेक देशी बनावटीच्या रम, जिन, व्हिस्कीवर हाच आकडा असतो. दारूचा कडकपणा मोजायच्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत १०० प्रूफ म्हणजे ५७.१५ टक्के अल्कोहोल. त्याच्या तीन चतुर्थांश म्हणजे ७५ प्रूफ, तोच हा आकडा. परदेशी पाककृती बहुधा ४० टक्क्यांची स्पिरिट धरून लिहिलेल्या असतात, त्यामुळे आपला पेला किंचित कडक होतो, हे ध्यानात असू द्या.

तिसरी आणि चौथी बाटली जोडीनेच घ्यायची: कांपारी, म्हणजे कडवट लाल इटालियन लिक्युअर, आणि गोड लाल व्हर्मूथ. जिन, कांपारी, व्हर्मूथ प्रत्येकी ३० मिली, बर्फावर ढवळून, वर संत्र्याची साल. हे नेग्रोनी. यात लिंबू पिळायचं नाही, शेक करायचं नाही. पाहुणे येऊन बसले आणि तुम्ही अजून कांदा चिरताय अशा वेळी हेच पेय कामाला येतं. हिवाळ्यात नागपुरी संत्र्याची साल वापरा. ती सैल आणि पातळ असते, पण पेल्यावर चिमटीत दाबली की जे तेल उडतं त्याचा वास घरभर जातो.

व्हर्मूथबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण इथे जवळजवळ सगळे चुकतात. व्हर्मूथ ही वाइन आहे, पंधरा टक्क्यांच्या आसपासची. उघडल्यावर ती फ्रीजमध्येच ठेवायची आणि दोन महिन्यांत संपवायची. एका मित्राने मोठ्या हौसेने नेग्रोनी पाजलं, ते शिरक्यासारखं लागत होतं. त्याने जिन बदलून पाहिली, कांपारी बदलून पाहिली. दोष शेल्फवर सव्वा वर्ष उभ्या असलेल्या व्हर्मूथचा होता. लहान बाटली मिळाली तर तीच घ्या.

पाचवी अँगोस्टुरा बिटर्सची, म्हणजे मसाल्यांच्या कडू अर्काची, छोटी बाटली. थेंबांवर वापरायची असल्याने घरी वर्ष-दोन वर्षं पुरते. सहावी बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, ओल्ड फॅशन्ड या कॉकटेलसाठी: ६० बर्बन, ५ मिली पाक, बिटर्सचे दोन-तीन झटके, तुमच्या कॅसरोलमधला एक मोठा खडा. इथे महागड्या सिंगल माल्टवर हात टाकू नका. अमृत किंवा पॉल जॉन ही आपल्याकडची सिंगल माल्ट पाण्याचे चार थेंब घालून शांतपणे प्यायची चीज आहे.

आयात शुल्कामुळे कांपारी, बर्बन, संत्र्याचं लिक्युअर आपल्याकडे अंगावर येतं. परदेशातून कुणी येणार असेल तर विमानतळाच्या ड्यूटी फ्रीमधून माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. नातेवाइकांना सवयीने स्कॉच सांगितली जाते. त्याऐवजी या बाटल्या सांगा.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे स्वस्त मिळतं म्हणून गाडीच्या डिकीत पेटी भरून आणणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि बांदा-इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते. तसं करू नका. आणि घरी बार करणार आहात तर आधी परवाना काढा. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. आपल्याकडच्या ‘परमिट रूम’ या शब्दातला परमिट तो हाच. वयाची अटही आहे: बिअर आणि वाइनला २१, बाकी मद्याला २५. मित्रांबरोबर त्यांची कॉलेजातली भावंडं येतात तेव्हा हे यजमानानेच पाहायचं असतं.

सातवी बाटली तुमची. इथे मी नाव सुचवत नाही, दिशा सांगतो. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा उग्र वास ऐकून घाबरलेले लोक चांगली फेणी लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून प्याले की मत बदलतात. मोहाचं मद्य आता रीतसर बाटलीत मिळू लागलंय, आपल्या डहाणूतही बनतं. ज्या फुलाची दारू काढली म्हणून इंग्रजांच्या काळापासून आदिवासींवर गुन्हे दाखल होत आले, ती आज सन्मानाने लेबल लावून विकली जाते, याचा मला मनापासून आनंद आहे. चव फुलासारखी, थोडी धुरकट, मधाच्या अंगाने जाणारी. आधी नुसती १५ मिली चाखून बघा, मग कशात घालायची ते ठरवा.

आणि कोकम. दुकानात तीन गोष्टी मिळतात आणि पाककृतींमध्ये त्यांची सरमिसळ होते. आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घातलेला दाट रस, त्यात साखर नसते. अमृतकोकम गोड असतं. तयार सरबतात बऱ्याचदा जिरं असतं. जिनसाठी आगळ वापरा: जिन ५०, आगळ १०, पाक २०, शेक करून सोडा. लिंबू नको. आगळातल्या मिठानेच चव वर येते. उन्हाळ्यात हेच कैरीच्या पन्ह्यावर करा, पांढऱ्या रमबरोबर, वेलदोडा आहेच. ज्यांना दारू घ्यायची नाही त्यांच्यासाठी हीच पेयं बिनदारूची, त्याच पेल्यात, त्याच मोठ्या खड्यासह द्या. तुम्ही लिहिलंय की पत्नी घेत नाहीत. त्यांच्या हातात कोल्ड्रिंकचा ग्लास देऊन बाकीच्यांसाठी दहा मिनिटं शेकर हलवणं मला कधीच बरं वाटलेलं नाही.

आठ जणांना एकेक पेला शेक करून द्यायचा म्हटलं तर तुम्ही संध्याकाळभर ओट्याशीच अडकाल. यावर जुना उपाय आहे, पंच. हा शब्द आपल्या ‘पाच’वरूनच इंग्रजीत गेला असं बहुतेक मानलं जातं, सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रांत तो सापडतो. दारू, आंबट, गोड, पाणी आणि मसाला हे ते पाच. ओल्ड मंक ५०० मिली, लिंबाचा रस १२०, पाक १५०, थंड कोरा चहा ५००, वर जायफळ किसून. मोठ्या काचेच्या भांड्यात घालून त्यात कॅसरोलची अख्खी लादी सोडा. मोठी लादी हळू वितळते, तासाभराने घेतलेला पेलाही पाणचट लागत नाही. माझ्या घरी पहिला पेला नेहमी हाच असतो.

भांड्यांवर फार खर्च नको. दोन स्टीलच्या पेल्यांचा बोस्टन शेकर घ्या. तीन भागांचा झाकणवाला शेकर दिसायला छान, पण थंडीने झाकण अडकतं. ३०-६० चा मापाचा पेला घ्या, आतून १५ आणि ४५ च्या खुणा असलेला. पाच-दहा मिलीसाठी खोकल्याच्या औषधाचं खुणांचं टोपण धुऊन ठेवा, माझ्याकडे अजून आहे. अंदाजाने ओतू नका. अनुभवी बारटेंडर बघून ओततो तेव्हाही तो मनात मोजत असतो. एक स्प्रिंगची गाळणी, एक चहाची गाळणी, लांब दांड्याचा चमचा. पुदिना चेचायला लाकडी रवी उलटी धरली तरी चालते, फक्त हलक्या हाताने, पानं फाटली की कडू होतात. पेले तीन प्रकारचे: आठ बुटके, आठ उंच, सहा देठाचे. देठाचे दीडशे मिलीच्या आसपासचे घ्या. सिनेमात दिसतात तसल्या मोठ्या त्रिकोणी पेल्यात पेय अर्ध्यावर येईपर्यंत कोमट होतं.

टॉनिक आणि सोडा लहान बाटल्यांत घ्या. दोन लिटरची बाटली दुसऱ्या पेल्यालाच फुस्स होते. पेल्याचा दोन तृतीयांश भाग शेवटी टॉनिकच असतो, तेव्हा इथे कंजूषी करू नका, आणि सगळं आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये असू द्या.

२५ हजारांची वाटणी मी अशी करेन: साधारण निम्मे सहा बाटल्यांना, पाचेक हजार पेले आणि हत्यारांना, बाकीचे पहिल्या चार बैठकींच्या टॉनिक, सोडा, लिंबं, बर्फाला. सातवी बाटली नंतर. बैठक मोडताना प्रत्येकाची कॅब तुम्हीच बोलवा. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, आणि वरची दोन कॉकटेल घेतलेला माणूस ती सहज ओलांडून गेलेला असतो.

राहिला काउंटर. सुताराला आत्ता बोलावू नका. सहा महिने स्वयंपाकघराच्या ओट्यावरच काम करा, बाटल्या एका ट्रेमध्ये ठेवून. तुमचा हात कुठे जातो, पाणी कुठे सांडतं, कचरा कुठे टाकावासा वाटतो हे तेव्हाच कळतं. मग करायचं ठरलंच तर पाहुण्यांच्या बाजूची फळी जमिनीपासून ४२ इंच आणि तुमच्या बाजूची कामाची फळी ३६ इंच ठेवायला सांगा, नाहीतर शेक करून खांदे भरून येतात. कामाच्या फळीला ग्रॅनाइट किंवा स्टील लावा, लिंबाच्या रसाने पॉलिश केलेलं लाकूड महिन्याभरात पांढरं पडतं आणि संगमरवरावर डाग कायमचे बसतात. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन बाटल्यांवर येणार नाही अशी भिंत निवडा, आणि ती भिंत फ्रीज आणि सिंकपासून चार पावलांच्या आत असू द्या.